नाओ रोबोला आपले हातवारे शिकवायचे असतील तर

नाओ म्हणजे दोन हात, दोन पाय असलेला, माणसासारखा दिसणारा छोटा रोबो. तो चालू केला की त्याच्या आत तयार हातवारे भरपूर सापडतात, हात हलवून हाय करणं, छातीकडे हात नेऊन "मी" दाखवणं, दोन्ही हात पसरून "मला काय माहीत" करणं, सगळं छान चालतं. पण परळच्या एका मराठी शाळेत मी शनिवारी पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर या रोबोवर काम करते आणि तिथे मुलं लगेच विचारतात, बाई हा नमस्कार का नाही करत, बाई याला "काय रे?" करता येतं का. मुलांचं बरोबर आहे. ते हातवारे पॅरिसच्या कंपनीने बनवलेत, आपले हातवारे आपल्यालाच घालावे लागणार. आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये, ज्याला प्रोग्रामिंगचा एक शब्द येत नाही त्यालाही जमतं, फक्त पेशन्स लागतो आणि माणसांकडे नीट बघावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पोझ बनवणं सोपं असतं, हात वळवला, सेव्ह केलं, झालं. हातवारा ओळखू येतो तो वेळेवरून. हात किती वेळात वर गेला, तिथे किती थांबला, मान आधी हलली की हात आधी, परत येताना घाई केली का. पोझ बरोबर आणि वेळ चुकीची असेल तर समोरच्याला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. त्यामुळे या कामात निम्मा वेळ तरी टायमिंगला द्या.

आधी त्याचं शरीर समजून घ्या

नाओ साधारण 58 सेंमी उंच, वजन साडेपाच किलोच्या आसपास, आणि त्याला एकूण 25 जॉइंट आहेत. डोक्यात 2, प्रत्येक हातात पंजा धरून 6, कंबरेत दोन्ही पायांना मिळून 1, आणि प्रत्येक पायात 5. हातवाऱ्यांसाठी आपल्याला डोकं आणि हात एवढेच लागतात, म्हणजे 14. हाताचे सहा असे: शोल्डर पिच (हात पुढेमागे, वरखाली), शोल्डर रोल (हात बाजूला), एल्बो यॉ (कोपर कुठल्या दिशेला वाकणार ते), एल्बो रोल (कोपर किती वाकणार ते), रिस्ट यॉ (मनगट गोल फिरवणं) आणि हँड म्हणजे पंजा. ही नावं पाठ करायची गरज नाही पण पुढे सांगितलेल्या सॉफ्टवेअरमधे त्यांचे स्लायडर दोनतीनदा हलवून बघा म्हणजे कोण काय करतो ते डोक्यात बसतं.

आता याला काय जमत नाही ते. पंजाला तीन बोटं आहेत आणि तिन्ही एकाच मोटरवर चालतात, एकदम उघडतात एकदम मिटतात. म्हणजे एक बोट दाखवणं, अंगठा वर करणं, चुटकी वाजवणं हे विसरा. मनगट फक्त गोल फिरतं, वरखाली वाकत नाही. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मान. मान डावीउजवीकडे वळते (119.5 डिग्रीपर्यंत दोन्हीकडे) आणि वरखाली होते (वर 38.5, खाली 29.5) पण खांद्याकडे कलत नाही. म्हणजे आपण "हो हो, चालेल" म्हणताना जी मान डोलावतो ती याला सरळ करताच येत नाही! त्यावर उपाय आहे, पुढे सांगते.

खांदाही आतल्या बाजूला फक्त 18 डिग्री येतो, बाहेर 76. नमस्कार करताना हे कळतं, कारण हात मधे आणायचे तर खांद्याने थोडंच होतं, बाकी काम कोपराला करावं लागतं.

आणखी एक, डावाउजवा हात यांची चिन्हं. शोल्डर पिच दोन्हीकडे सारखाच, 90 म्हणजे हात खाली लोंबतोय, 0 म्हणजे समोर आडवा, मायनस म्हणजे वर. पण शोल्डर रोल, एल्बो यॉ, एल्बो रोल आणि रिस्ट यॉ या चारांचं चिन्ह उलटतं, उजव्या कोपराला प्लस 60 असेल तर डाव्याला मायनस 60. हे लक्षात ठेवलं की आकडे हाताने टाकताना त्रास होत नाही.

तयारी

नाओच्या हालचाली बनवायचं सॉफ्टवेअर म्हणजे कोरिओग्राफ. सहाव्या पिढीच्या नाओसाठी 2.8 आणि पाचव्यासाठी 2.1, हे एकमेकांत चालवायला जाऊ नका, रोबोची पिढी बघून मगच इन्स्टॉल करा. आणि इन्स्टॉलर मिळाला की तो पेनड्राइव्हवर, हार्डडिस्कवर, दोन ठिकाणी कॉपी करून ठेवाच. नाओ बनवणारी अल्देबरां कंपनी 2005 ची, पण 2025 मधे ती दिवाळखोरीत जाऊन तिची मालमत्ता विकली गेली, त्यामुळे डाउनलोडची लिंक कायम तिथेच राहील असं धरून चालू नका.

कॉम्प्युटर आणि रोबो एकाच नेटवर्कवर हवेत. रोबोच्या छातीवरचं बटण एकदा दाबलं की तो स्वतःचा आयपी ॲड्रेस बोलून सांगतो, तो कोरिओग्राफमधे टाकून कनेक्ट करा, पोर्ट 9559. शाळेच्या वायफायवर भरवसा ठेवू नका, पासवर्डचं पान उघडणारी नेटवर्क्स तर रोबोला जमतच नाहीत. रोबोच्या डोक्यामागे लॅनचं पोर्ट आहे, त्यात केबल लावून छोटा राउटर मधे ठेवला की प्रश्न मिटतो. दोन्ही गोष्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात, केबल जरा लांब घ्या म्हणजे रोबो टेबलाला बांधल्यासारखा राहणार नाही.

कनेक्ट झालं की पहिल्यांदा ऑटोनॉमस लाइफ बंद करा, वर हार्टचं बटण असतं ते. ते चालू असेल तर रोबो आपणहून इकडेतिकडे बघतो, हात हलवतो, आणि तुम्ही नोंदवलेली पोझ आणि त्याची हालचाल यांची सरमिसळ होते. मग वेक अप करा, उभा राहील. काम करताना जमिनीवरच ठेवा, टेबलावर नको. सतरंजी किंवा गादीसारखं मऊ काही खाली नको, सपाट लादी सगळ्यात बरी.

स्टिफनेस म्हणजे मोटरची ताकद चालू आहे की नाही. स्टिफनेस बंद केली की तो जॉइंट सैल पडतो आणि तुम्ही हाताने वळवू शकता. पण ही फक्त ज्या हाताची पोझ करताय त्याच हाताची बंद करा. पायांची बंद केलीत तर उभा रोबो तिथल्या तिथे कोसळेल. रोबो व्ह्यूमधे हातावर क्लिक केलं की त्या हाताचे स्लायडर आणि स्टिफनेसचं बटण येतं, तिथूनच करा. मुलं आजूबाजूला असतील तर एकाला फक्त रोबोच्या मागे बसवा, कमरेजवळ दोन्ही बाजूंनी हात तयार ठेवून. आणि काखेत, कोपराच्या बेचक्यात कुणाचं बोट राहणार नाही हे बघा, मोटर चालू झाली की चिमटा जोरात बसतो.

रोबो जवळ नसेल तरी काम अडत नाही, कोरिओग्राफमधेच व्हर्च्युअल रोबो मिळतो. फक्त त्याला तोल, वजन, मोटर गरम होणं हे काही कळत नाही. तो कधीच पडत नाही, म्हणून त्याच्यावर चाललं म्हणजे खऱ्यावर चालेल असं नाही.

कॅमेऱ्याने सुरुवात करा

कोरिओग्राफ उघडण्याआधी फोन काढा. ज्या माणसाचा हातवारा हवाय त्याचा व्हिडिओ घ्या, समोरून, कंबरेपासून वर, न सांगता करायला लावून. "नमस्कार करून दाखवा" म्हटलं की माणूस नाटकातला नमस्कार करतो. त्यापेक्षा शाळेत कुणी पाहुणे आले की त्यांना विचारून कॅमेरा चालू ठेवा, खरा नमस्कार मिळतो.

बघायला शिकायचं असेल तर मुंबईसारखी जागा नाही. दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून खाली बघा, लांबच्या माणसाला "इकडे ये" कसं करतात, गाडी सुटल्यावर "जाऊ दे" कसं करतात, मासळी बाजारात भाव ऐकून "काय?" कसं करतात. आवाज पोचत नाही म्हणून या शहरात हात जास्त बोलतात. मी मुलांना घरचा अभ्यास हाच देते, येता-जाता एक हातवारा बघून यायचा आणि तो वर्गात करून दाखवायचा, हात आधी की मान आधी ते सांगायचं.

व्हिडिओ आला की तो हळू चालवून वेळ मोजायची. कोरिओग्राफची टाइमलाइन (हालचाल मांडायची वेळेची पट्टी) साधारणपणे सेकंदाला 25 फ्रेमवर असते आणि फोन बहुतेक 30 वर घेतो, म्हणून फोनच्या फ्रेम सरळ उतरवू नका, आधी सेकंद काढा मग 25 ने गुणा. फोनवर 45 फ्रेम लागल्या म्हणजे दीड सेकंद, म्हणजे टाइमलाइनवर 37-38 फ्रेम. कागदावर चार ओळी लिहा: हात निघाला कधी, पोचला कधी, सुटला कधी, खाली आला कधी. मानेच्या वेगळ्या चार ओळी. हा कागद बाजूला ठेवूनच पुढचं काम करायचं.

नमस्कार

हा नीट सविस्तर सांगते, बाकीचे त्यावरून जमतील.

कोरिओग्राफमधे रिकाम्या जागी राइट क्लिक करून नवीन टाइमलाइन बॉक्स बनवा, नाव द्या, डबल क्लिक करून आत जा. वरती फ्रेमची पट्टी दिसेल. पोझ लायब्ररीतून रोबोला स्टँड पोझमधे आणा. आता फ्रेम 25 वर जा आणि राइट क्लिक करून जॉइंट कीफ्रेममधे (म्हणजे त्या फ्रेमला ठरवून दिलेल्या पोझमधे) साठवा, पण "होल बॉडी" घेऊ नका, फक्त डोकं आणि हात घ्या. हे का ते सांगते. पाय पण साठवले की तो हातवारा फक्त उभं असतानाच चालतो, रोबो बसलेला असताना चालवला तर तो बसल्याजागी उभ्याचे पाय करायला जातो आणि कलंडतो. आणि पहिली कीफ्रेम 1 वर न टाकता 25 वर का, तर हातवारा सुरू होताना हात कुठे असेल ते आपल्याला माहीत नसतं, त्याला तिथून या पोझवर यायला एक सेकंद मिळाला पाहिजे, नाहीतर झटका बसतो.

आता फ्रेम 45. उजव्या हाताची स्टिफनेस बंद करा, हात हळूच धरून छातीसमोर आणा, कोपर खाली, पंजा उघडा, तळवा आतल्या बाजूला. खांदा आत जेवढा येतो तेवढा आणा, बाकीचं कोपर वाकवून आणि एल्बो यॉ फिरवून जमवा, शेवटी रिस्ट यॉने तळवा सरळ करा. मनासारखं झालं की स्टिफनेस परत चालू करा, हात तिथेच धरून राहील. मग स्लायडरमधले आकडे बघा आणि डाव्या हाताला तेच द्या, वर सांगितलेली चार चिन्हं उलटी करून. मिररिंगचा पर्याय पण आहे, तो चालू करून स्लायडर हलवला की दुसरा हात आपोआप हलतो. दोन्ही हात वेगवेगळे हाताने वळवत बसू नका, कधीच सारखे येत नाहीत आणि वाकडा नमस्कार लांबून सुद्धा दिसतो.

महत्त्वाचं, तळवे एकमेकांना चिकटवू नका. बोटभर फट ठेवा. चिकटवले तर दोन्ही हातांच्या मोटर एकमेकांना ढकलत राहतात, पोचलो नाही पोचलो नाही करत जोर लावतात आणि गरम होतात. चार फुटांवरून ती फट दिसतही नाही.

जमलं की हात साठवा 45 वर. आता हे हात किती वेळ जोडलेले राहणार? घरातल्या मोठ्या बाईचा नमस्कार बघितलात तर साधारण सेकंदभर हात स्थिर असतात, म्हणून फ्रेम 72 वर तीच पोझ परत साठवा. मग 95 वर हात खाली, स्टँड पोझ. मान मात्र हातांबरोबर हलवायची नाही. हात जवळजवळ जुळले की मान निघते, म्हणून डोक्याची कीफ्रेम 42 वर सरळ, 52 वर हेड पिच प्लस 15 ते 18 (प्लस म्हणजे खाली), 64 पर्यंत तिथेच, आणि 74 ला परत सरळ. म्हणजे मान उठायला लागल्यावर मग हात सुटतात. हे सात-आठ फ्रेमचं अंतर काढून सगळं एकदम चालवून बघा, रोबो कवायत केल्यासारखा दिसेल. अंतर ठेवलंत की आदर दिसतो. मी हे दोन्ही प्रकार वर्गात शेजारी शेजारी दाखवते आणि प्रत्येक वेळी मुलं दुसऱ्यालाच "खरा" म्हणतात, का ते त्यांना आधी सांगितलेलं नसतं.

मग कर्व्ह मोडमधे जाऊन रेघा बघा. प्रत्येक जॉइंटची एक वक्र रेघ दिसते. 45 ते 72 मधे हात स्थिर पाहिजे पण कधीकधी त्या रेघेला मधे फुगवटा येतो, म्हणजे हात थांबल्यासारखा न वाटता तरंगतो. फुगवटा असेल तर तिथली हँडल आडवी करा. रेघ कुठे फार उभी चढत असेल तर समजा की मोटरला एवढ्या वेगात जमणार नाही, तिथे चारपाच फ्रेम वाढवून द्या.

शेवटी बाहेर येऊन टाइमलाइन बॉक्सचा "ऑन स्टॉप्ड" हा आउटपुट मोठ्या चौकटीच्या उजव्या टोकाला जोडा. हे जोडलं नाही तर हातवारा दिसायला संपतो पण रोबोच्या लेखी तो चालूच राहतो, आणि पुढचं काही सुरूच होत नाही. बऱ्याच जणांचं इथेच अडतं.

याच नमस्काराचे प्रकार करता येतात. मुलांचा नमस्कार लवकर आटपतो, तिथे हात धरायचा वेळ निम्मा करा. निवडणुकीतल्या प्रचाराचा नमस्कार म्हणजे हात कपाळापर्यंत वर आणि मान डावीउजवीकडे फिरतेय. देवासमोरचा नमस्कार सगळ्यात लांब, तिथे दोन सेकंद तरी हात हलू देऊ नका आणि मान पण खालीच ठेवा.

काय रे, ये इकडे, आणि मान डोलावणं

"काय रे?" नाओला फार सुंदर येतो, कारण तो सगळा मनगटाच्या फिरण्यात आहे. कोपर अंगाजवळ, एल्बो रोल साठ-सत्तरच्या आसपास, तळवा खाली आणि पंजा अर्धा मिटलेला. मग एकदम सहा-आठ फ्रेममधे रिस्ट यॉ फिरवून तळवा वर आणि पंजा पूर्ण उघडा, त्याच वेळी हेड पिच मायनस 8-10, म्हणजे हनुवटी थोडी वर. मग थांबायचं. निदान 20 फ्रेम. हे थांबणं म्हणजेच प्रश्न आहे, समोरच्याने उत्तर द्यावं म्हणून वाट बघणं. लगेच हात खाली घेतलात तर तो प्रश्न उरत नाही, नुसता झटका राहतो. रिस्ट यॉ दोन्हीकडे 104.5 पर्यंत जातो त्यामुळे जागा भरपूर आहे.

"ये इकडे" करताना आपण तळवा खाली ठेवून बोटं आत ओढतो. मनगट वाकत नसल्यामुळे इथे पंजाची उघडमीट वापरा: हात समोर, शोल्डर पिच 20 च्या आसपास, तळवा खाली, हँड 1 वरून 0.2 वर (1 म्हणजे पूर्ण उघडा, 0 म्हणजे मिटलेला) आणि परत, दोनदा किंवा तीनदा, आणि प्रत्येक मिटण्याबरोबर कोपर दहा-बारा डिग्री वाकवा. नुसती बोटं हलवली तर लांबून काही कळत नाही, कोपराची ती थोडीशी ओढच बोलावणं दाखवते. तीनपैकी शेवटची ओढ जरा हळू करा, माणसं तशीच करतात.

आता मान डोलावणं. कलायला जमत नाही म्हटलं ना, तर हेड यॉ (मान डावीउजवीकडे) आणि हेड पिच (मान वरखाली) दोघांना मिळून आडव्या आठच्या आकड्यात फिरवायचं. यॉ प्लस 10 पासून मायनस 10 असं साधारण 16 फ्रेममधे, आणि तेवढ्यात पिच दोनदा खालीवर, चार-पाच डिग्रीच. एकदा की दोनदा एवढंच, जास्त केलं तर "नाही" वाटायला लागतं. हुबेहूब होत नाही हे खरं, पण समोर बसलेल्या आजींना कळतं की हा "बरं बरं" म्हणतोय. काही जण यासाठी कंबर आणि घोटे हलवून पूर्ण अंग कलवतात, मला ते पटत नाही, पाय हलले की तोल आला आणि एवढ्याशा होकारासाठी रोबो पडायची जोखीम कशाला.

आरतीच्या टाळ्या बऱ्याच जणांना हव्या असतात, गणपतीत तर हमखास. हात खरंच आपटू नका, बोटं नाजूक असतात. फट ठेवूनच हात जवळ आणा आणि टाळीचा आवाज रेकॉर्ड केलेला वाजवा.

आवाज

आवाजाचा विषय निघालाच आहे तर, नाओच्या बोलायच्या भाषांमधे मराठी नाही. इंग्रजी आवाजातून मराठी शब्द रोमन लिपीत टाकून बोलवायचा प्रयत्न केला की "नमस्कार" ठीक येतो पण "कसं काय" ऐकवत नाही. मुलांकडूनच रेकॉर्ड करून घ्या. फोनवर शांत खोलीत, पंखा बंद करून, तोंडापासून वीतभर लांब. फाइल प्रोजेक्टमधे टाका, टाइमलाइनच्या आत बिहेवियर लेयर असतो तिथे हव्या त्या फ्रेमवर साउंड वाजवायचा बॉक्स ठेवता येतो. इथेही तोच नियम, आवाज आणि हात एकदम सुरू करू नका. आपण "काय रे" म्हणायच्या किंचित आधी हात निघालेला असतो. आवाज चार-पाच फ्रेम मागे ठेवून बघा, मग व्हिडिओशी ताडून घ्या.

रोबोवर चढवणं

आतापर्यंत आपण कॉम्प्युटरवरून प्ले दाबत होतो, केबल काढली की रोबोला काही आठवणार नाही. म्हणून पॅकेज बनवून आत टाकायचं.

एकाच प्रोजेक्टमधे प्रत्येक हातवाऱ्याला वेगळं बिहेवियर (रोबोला वेगळं बोलावता येईल असं एक काम) करा, वेगळ्या फोल्डरमधे. फोल्डरची नावं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, मधे स्पेस न देता. सगळ्यांचं नाव "बिहेवियर वन" राहू दिलंत तर महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही की नमस्कार कुठला. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधे ॲप्लिकेशन आयडी द्या, हा आयडी एकदा ठरला की बदलू नका कारण पुढे हातवारा बोलावताना हाच पत्ता लागतो: आधी आयडी, मग तिरकी रेघ, मग फोल्डरचं नाव. व्हर्जनचा आकडा मात्र प्रत्येक वेळी वाढवत जा, म्हणजे रोबोवर नवीन चढलंय की जुनंच आहे हे लगेच दिसतं. तिथेच ट्रिगर सेंटेन्सही देता येतात, म्हणजे ते वाक्य ऐकलं की रोबो आपणहून ते सुरू करेल, पण ती वाक्यं त्याला येणाऱ्या भाषेतली हवीत आणि त्या वेळी ऑटोनॉमस लाइफ परत चालू हवी.

मग व्ह्यू मेनूतून रोबो ॲप्लिकेशन्सचं पॅनल उघडा, तिथे चालू प्रोजेक्ट पॅकेज करून रोबोवर टाकायचं बटण आहे. दाबा, थोडं थांबा, यादीत नाव आलं की झालं. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर फाइल मेनूतून पॅकेज बनवा, एक पीकेजी फाइल मिळते, ती त्यांनी याच पॅनलमधून आपल्या रोबोवर घालायची.

रोबो बोलता बोलता हातवारा करायला हवा असेल तर ॲनिमेटेड से बॉक्स वापरा. त्यात वाक्याच्या मधे कॅरेटचं चिन्ह (^), लगेच स्टार्ट, आणि कंसात तो पूर्ण पत्ता लिहायचा. हातवारा संपेपर्यंत थांबायचं असेल तर वाक्याच्या शेवटी तसंच कॅरेट आणि वेट. एक काळजी घ्या, हा बॉक्स आपल्या मनाने पण हात हलवत असतो आणि मग तुमच्या नमस्कारात त्याचे हात येतात. त्यामुळे त्याची बॉडी लँग्वेज डिसेबल्ड करून ठेवा, मग फक्त तुम्ही सांगितलेलंच करेल.

ज्यांना पायथन येतं त्यांनी टाइमलाइनवर राइट क्लिक करून मोशन क्लिपबोर्डवर एक्सपोर्ट करून बघा, सगळ्या कीफ्रेम पायथनच्या कोडमधे मिळतात. त्यात कोन रेडियनमधे असतात, डिग्री नाही, एक रेडियन म्हणजे 57.3 डिग्री. पायथन येत नसलं तरी हा मजकूर एका साध्या फाइलमधे ठेवून द्या, प्रोजेक्ट उघडेनासा झाला तर तुमचे आकडे तरी वाचतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

हॉलमधे एसी नसेल आणि ऑक्टोबर नाहीतर मे महिना असेल तर रोबो तुमच्या अंदाजापेक्षा लवकर तापतो. नुसतं उभं राहण्यातही गुडघ्याच्या मोटर सतत जोर लावत असतात. फार गरम झाल्या की तो मोटरची ताकद कमी करतो, आणि तेव्हा नमस्काराचे हात छातीपर्यंत न येता पोटाजवळच राहतात, लोकांना वाटतं बिघडला. म्हणून भाषणं चालू असताना त्याला रेस्टमधे बसवून ठेवा, त्याची पाळी यायच्या आधी वेक अप करा. पंख्याखाली ठेवलात तर आणखी बरं. बॅटरी तास-दीड तास जाते, पण कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत हे आपल्याला माहीतच आहे, तेव्हा चार्जर स्टेजजवळच्या पॉइंटला लावूनच ठेवा.

स्टेजवर लाल कापड किंवा सतरंजी अंथरलेली असते. मंडळाच्या लोकांना आधीच सांगून दोन-तीन फूट जागा मोकळी करून घ्या, नाहीतर एक प्लायवुडचा तुकडा खाली टाका, कापडाची घडी पायाखाली आली तर हात पुढे करतानाच तो डगमगतो. वायफाय स्टेजवर लागेलच असं धरू नका, पण पॅकेज आत चढवलेलं आहे त्यामुळे ट्रिगर सेंटेन्सवर काम होतं, फक्त स्पीकरचा आवाज त्या वेळी कमी करायला सांगा, गोंगाटात त्याला ऐकू येत नाही.

आणि शोच्या आदल्या दिवशी प्रत्येक हातवारा तीन वेगळ्या ठिकाणांहून सुरू करून बघा: उभा असताना, बसलेला असताना, आणि दुसरा हातवारा नुकताच संपलाय तेव्हा. तिन्ही वेळा झटका न बसता सुरू झाला आणि हात परत स्टँड पोझसारखे खाली आले तरच तो तयार समजा. चौथी तपासणी मुलांकडून करून घ्या, आवाज पूर्ण बंद करून हातवारा दाखवा आणि विचारा हा काय म्हणतोय. "काय रे" ला कुणी "दे ना" म्हणालं तर मनगट परत फिरवून बघा, बहुतेक वेळा थांबायच्या फ्रेम कमी पडलेल्या असतात.